पाऊल टेकण्याआधी

पडद्यावर सोळा ठिपके चालत आले आणि वल्लरीला आपले वडील दिसले.

खारघरच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात, तळमजल्यावर, माणसांची चाल तपासण्याची प्रयोगशाळा ती सांभाळायची. लांबट खोली, खिडक्यांना काळे पडदे, भिंतींवर आठ कॅमेरे आणि मधोमध दहा मीटरची पट्टी. पट्टीखाली जमिनीत दोन चौकोनी पाट्या बसवलेल्या होत्या. पाऊल कुठे आणि किती जोरानं पडतं ते त्या मोजायच्या. माणसाच्या खांद्यांना, कमरेला, गुडघ्यांना, घोट्यांना, टाचांना छोटे चमकणारे गोळे चिकटवायचे आणि त्याला सांगायचं, चाला, नेहमी चालता तसे चाला. कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, गोळे तेवढे दिसतात. पडद्यावर चेहरा नसतो, कपडे नसतात, वय नसतं, बाई की पुरुष तेही धड कळत नाही. काळोखात सोळा पांढरे ठिपके, बस. ते जागच्या जागी असतात तोवर वाटेल तसे सांडलेले वाटतात आणि हलायला लागले की एकदम माणूस उभा राहतो. पुन्हा थांबले की माणूस नाहीसा. नऊ वर्षं रोज बघूनही त्या क्षणाला तिच्या मानेवरून काहीतरी गार सरकून जायचं. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

त्या सकाळी उलव्याच्या बांधकामांवर डोक्यावरून ओझं वाहणाऱ्या सहा बायका तपासणीसाठी आल्या होत्या. आधी मोकळ्या हातांनी चालायचं, मग डोक्यावर घमेलं घेऊन. पडद्याआड मनस्वी, तिची मदतनीस, बायकांना गोळे चिकटवत होती आणि वल्लरी पट्टीकडे पाठ करून संगणकासमोर बसली होती. त्यामुळे कोण चालतंय हे तिनं पाहिलंच नाही. तिनं ठिपके पाहिले. उजवी टाच टेकली, भार पुढे आला, डावा पाय मागून सुटला, झोका घेत पुढे आला, आणि टाच जमिनीला लागणार तेवढ्यात किंचित, अगदी किंचित थांबला. अंधाऱ्या जिन्यात शेवटची पायरी आहे की संपली हे चाचपावं तसा. मग टेकला. त्याच क्षणी उजवा खांदा जरासा मागे गेला. पुढचं पाऊल. पुन्हा तेच. ठिपके पडद्याच्या कडेपर्यंत गेले, वळले, परत यायला लागले. वल्लरीचा हात माऊसवर तसाच राहिला. सोळा वर्षांत ही चाल तिनं पाहिली नव्हती, आणि ओळखायला तिला एक पाऊलही पुरलं होतं.

तिनं वळून बघितलं तर पट्टीवर पंचवीस-सव्वीस वर्षांची एक बाई होती. सावळी, काटक, कॉलेजनं दिलेल्या आखूड पँटमध्ये संकोचलेली. कागदावर नाव होतं शुक्री हिलम. वल्लरीनं तिला आणखी एकदा चालायला सांगितलं, मग आणखी एकदा. सातव्या वेळी मनस्वी म्हणाली, "मॅडम, डेटा ओके आहे ना? पहिल्या तिन्ही ट्रायल क्लीन आल्यात." आकडे खरोखरच चोख होते. पावलाचा साठ टक्के वेळ जमिनीवर, चाळीस टक्के हवेत. गुडघा वाकायला हवा तेवढा वाकत होता, कंबर डावी-उजवीकडे झुकायला हवी तेवढीच झुकत होती. ते क्षणभर थांबणं कुठल्याच रकान्यात नव्हतं. नेहमीच्या कमी-जास्तीत ते विरघळून गेलं होतं. यंत्रानं शेवटच्या ओळीत लिहिलं, चाल सामान्य.

कमळाकर, तिचे वडील, तळोज्याच्या एका कारखान्यात भांडारपाल होते. २००९च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी ते नेहमीसारखे पनवेलच्या वडाळे तलावाला फेरी मारायला म्हणून घराबाहेर पडले. पायात चपला, खिशात घराची किल्ली. परत आले नाहीत. भांडण झालेलं नव्हतं, आजार नव्हता, चिठ्ठी नव्हती. वल्लरी तेव्हा बावीस वर्षांची होती. पोलिसांनी वर्णन विचारलं तेव्हा तिला त्यांचा चेहरा धड सांगता आला नाही. नाक सरळ म्हणाली, मग म्हणाली, नाही, थोडं पसरट. पाठ विचारली असती तर तिनं शिवण-शिवण सांगितली असती. कारण लहानपणापासून ती त्यांच्या मागूनच चालली होती. बाजारात जाताना, दवाखान्यात, एसटी स्टँडवर, बाबा पुढे आणि ती दहा पावलं मागे. ते हात धरत नसत आणि मागे वळून बघत नसत. हाक मारली तरी वेग कमी व्हायचा नाही. तिच्या डोळ्यांसमोर कायम त्या दोन टाचा असायच्या. डावी खाली येता येता थांबायची आणि दर वेळी तिला वाटायचं, आता थांबले, आता वळतील. टाच टेकायची. ते पुढेच. त्या क्षणभराच्या आशेवर आपलं अख्खं बालपण गेलं असं तिला मोठेपणी कधी कधी वाटायचं, आणि मग माणसांच्या चालीचं शिक्षण आपण का घेतलं या प्रश्नाशी ती येऊन थांबायची, आणि उत्तर द्यायच्या आत उठून काहीतरी कामाला लागायची.

बाकीच्या बायका चहा घेत होत्या तेव्हा तिनं शुक्रीला बाजूला बसवलं.

"पायाला कधी लागलं होतं का गं? लहानपणी वगैरे?"

"नाय."

"डावा पाय टेकताना जरा थांबतेस. माहीत आहे तुला?"

शुक्री हसली. "आमी समदी तशीच चालतो."

"सगळी म्हणजे कोण?"

"वाडीवरची. आज्यानं चालवलंय ना आमाला."

"तुझा आजा?"

"माझा नाय. कोनाचाच नाय तो. आमच्या वाडीवर रायचा. मेला. सात पावसाळं झालं."

वल्लरीनं फोनवर एक जुना फोटो काढला. लग्नातला, कोपऱ्यात उभे असलेले बाबा, तोंडावर फ्लॅशचा उजेड. शुक्रीनं तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "याला दाढी नाय," ती म्हणाली. मग अंगठ्यानं फोटोतल्या चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकला. फोन परत देताना तिनं वल्लरीच्या तोंडाकडे बघितलं नाही. ती तिच्या पायांकडे बघत होती.

त्यानंतरचे चार दिवस वल्लरी नेहमीसारखी कामावर गेली आणि नेहमीसारखी पनवेलला घरी आली. आईला काही बोलली नाही. सासष्ट वर्षांची आई गळ्यातलं मंगळसूत्र आजही रोज रात्री पाण्यानं धुऊन पुसायची. काका दर वर्षी म्हणायचे, वहिनी, आता श्राद्ध घालून टाकू, कायद्यानंही सात वर्षं झाली की माणूस गेला असंच धरतात. आई ताटात वाढत राहायची. ही आईची आशा आहे असं वल्लरी समजून होती आणि त्या आशेला धक्का लागू नये म्हणून ती घरात कितीतरी गोष्टी हळू आवाजात करायची. बाहेर मात्र काहीतरी बिघडलं होतं. तलावाकाठी संध्याकाळी फिरायला आलेली माणसं तिच्या डोळ्यांसमोर सुटी व्हायला लागली. साड्या, ट्रॅकसूट, चेहरे गळून पडायचे आणि उरायचे ठिपके: गुडघे, घोटे, टाचा. सगळे एका दिशेनं गोल फिरत होते. प्रत्येक जण पावलागणिक पुढे पडत होता आणि पडायच्या आत दुसरा पाय खाली घालून स्वतःला सावरत होता, आणि कोणाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. शेजारच्या वहिनी "काय वल्लरी, आज लवकर?" म्हणाल्या तेव्हा आवाज कोणत्या ठिपक्यांतून आला हे समजायला तिला वेळ लागला. गर्दीत कुठेतरी एक डावी टाच थांबून टेकते आहे असं तिला सारखं वाटायचं. वळून बघितलं की सगळ्या चाली साध्या.

शुक्रवारी दुपारी तिनं मनस्वीला सांगून स्वतःच्या अंगाला गोळे लावून घेतले. नऊ वर्षांत तिनं हे कधी केलं नव्हतं. पट्टीवरून चालली, परत आली, आणि संगणकासमोर बसली. बाप असा दूरच्या वाडीतल्या बाईच्या पायांत सापडतो, तर आपल्यात असेलच. पडद्यावर एक अनोळखी बाई चालत आली. आखूड पावलं, भरभर, धड कमरेपासून पुढे झुकलेलं. टाच टेकायच्या आत पुढच्या पावलाची घाई. डावीकडे थांबणं नाही, खांदा मागे जाणं नाही. बाबांचं त्यात काही नव्हतं. कोणाला तरी गाठायला निघालेल्या माणसाची ती चाल होती. "छान आहे की मॅडम, एकदम नॉर्मल," मनस्वी म्हणाली. वल्लरीनं फाईल पुसून टाकली.

रविवारी ती शुक्रीच्या वाडीकडे जाणाऱ्या धोदाणीच्या एसटीत बसली. देहरंग धरण मागे पडल्यावर डोंगर एकदम अंगावर येतो. शुक्री ठरल्याप्रमाणे फाट्यावर उभी होती, सोबत तिची पाच वर्षांची मुलगी वेणू. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसती खुंटं राहिली होती. वाडी दिसत होती पण वाट बांधावरून होती आणि बांध एका माणसापुरता. "थांबा जरा," शुक्री म्हणाली, "मानसं येतायत भट्टीवरनं, त्यांना जाऊ द्या." पाचाचा सुमार असेल. ऊन त्या माणसांच्या पाठीमागे होतं, त्यामुळे समोरून नुसत्या काळ्या आकृती येत होत्या, एकामागं एक, सात-आठ जण, बायका आणि पुरुष, डोक्यावर काही, खांद्यावर काही. कोणी बोलत नव्हतं. वल्लरीनं आधी पहिल्याकडे बघितलं. डावा पाय पुढे आला, टेकण्याआधी थांबला, खांदा मागे. मग दुसऱ्याकडे. मग तिला एकदम सगळी रांग दिसली. आठ डावे पाय, वेगवेगळ्या क्षणी, प्रत्येक पाय जमिनीच्या बोटभर वर तेवढाच थबकत होता. बांधावरून बाबा चालत येत होते, आठ वेळा, आठ अंगांनी, उंच, बुटके, एक तर पोटुशी बाई. अंगावर येत होते. तिला बाजूला सरकायचं सुचलं नाही. शुक्रीनं दंड धरून तिला खाचरात ओढलं तेव्हा ते तिच्या अगदी जवळून गेले, घामाचा आणि विटांच्या धुराचा वास मागे ठेवून. एकानं "आल्या काय बाई?" असं विचारलं, आवाज भलताच कोवळा. रांग पुढे गेल्यावर वेणू आईचा हात सोडून तिच्या शेपटाला लागली. बाबा मेले तेव्हा ही पोर जन्मलीही नव्हती. तिचा डावा पाय वर उचलला गेला, थांबला, टेकला.

ओहोळाशी बसून शुक्रीनं सांगितलं. ओहोळ कोरडा होता, पात्रातले गोल धोंडे पांढरे पडले होते. "हितं माझा भाव गेला वाहून. रामू. साळंत जाताना. मी नऊ वर्सांची होते, मागं होते त्याच्या. हा मानूस तिकडं पल्याड बसलेला, भिजलेला. कुठून आला देवाला ठाऊक. त्यानं उडी घातली. नाय सापडला रामू. दुसऱ्या दिशी आमची मानसं पोरांना साळंत धाडंनात. ह्यो सकाळी येऊन उभा रायला. बोलला, मी पुढं चालतो. मी ठेवतो तिथंच पाय ठेवा, तसाच ठेवा."

"आणि राहिला?"

"रायला. रोज नेयाचा, रोज आणायचा. पाऊल टाकायच्या आधी दगड चाचपायचा. आमी पन तसंच. मागच्याकडं सारखा वळून बघायचा. बघतच चालायचा म्हनाना. कोन मागं रायला तर थांबायचा."

वल्लरीला ऐकू आलेलं समजायला वेळ लागला. वळून बघायचा. एवढी वर्षं तिला वाटलं होतं की बाबांना वळता येतच नाही, मानेत काही कमी आहे, आणि त्या कल्पनेनं तिनं त्यांना केव्हाच माफ केलं होतं. आता ती माफी कुठे ठेवावी कळेना. ओहोळापलीकडे करंजाच्या झाडाखाली दगडांची एक रास होती. तिथं पुरल्याचं शुक्री म्हणाली. वल्लरी गेली, उभी राहिली. आडवा झालेला माणूस तिला ओळखीचा वाटेना. रडूही आलं नाही.

"घरच्यांबद्दल काही बोलायचे?"

"एकदाच. मी इचारलं, आज्या, तुला पोरंबाळं नाय काय? तर बोलला, एक पोरगी हाय. बोलला, ती लय भरभर चालते. तिला माझी गरज नाय."

परतीच्या वाटेवर वल्लरी शुक्रीच्या मागून चालली. अंधारायच्या आत फाटा गाठायचा होता. शुक्रीची डावी टाच समोर थांबायची आणि वल्लरीचा श्वासही तिथेच अडायचा, आणि शुक्री दर दहा-वीस पावलांनी वळून बघायची, बाई येतायत ना. दर वेळी वल्लरीला ओरडावंसं वाटलं, नको वळूस.

ती घरी पोचली तेव्हा आई बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढत होती. वल्लरीनं चपला न काढताच सगळं सांगितलं. ठिपके, वाडी, ओहोळ, करंजाखालचे दगड. तिला वाटलं होतं आई कोसळेल. आईनं हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली.

"चालताना दम लागायचा का त्यांना? शेवटी शेवटी?"

"आई, बाबा नऊ वर्षं इथून तासाभराच्या वाटेवर जिवंत होते."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "मी पाहिलं होतं त्यांना."

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. शेवटी ती सुरू झाली.

"कधी?"

"अकरा साली. बाजारात. ती वाडीवरची माणसं रानभाजी घेऊन बसतात ना, तिथं. हे पुढे आणि मागे चार-पाच पोरं. पाठमोरेच होते. पण मी काय ओळखणार नाही?" आई खुर्चीत बसली. "हाक ओठांवर आली होती. तेवढ्यात ते वळले. माझ्याकडे नाही, पोरांकडे. पोरं खिदळत होती. त्यांच्या मागून कोणी हसत चाललंय असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी भाजी घेतली आणि घरी आले."

वल्लरीला आठवलं, अकरानंतर दोनदा तिला शवागारात बोलावलं होतं. एकदा उरणच्या खाडीत मिळालेलं प्रेत, एकदा पुलाखालचं. दोन्ही वेळा आईनं तिला डबा भरून दिला होता. फॉर्मेलिनच्या वासात एका माणसानं चादर पायांकडून उचलली होती, कारण चेहरा बघण्यासारखा राहिला नव्हता, आणि ते पाय बघून तिला काहीच सांगता आलं नव्हतं. न चालणारे पाय कोणाचेही असतात. घरी येऊन ती चार-चार दिवस जेवली नव्हती.

"तू मला शवागारात जाऊ दिलंस," ती म्हणाली. "ते जिवंत आहेत हे माहीत असून."

"हो."

"का?"

आईनं मांडीवरच्या चादरीवरून हात फिरवला. "सांगितलं असतं तर तू त्यांना परत आणलं असतंस. तू थांबणारी नव्हेस. ते आलेही असते तुझ्यासाठी. आणि मग पुन्हा या घरात पुढे पुढे चालत राहिले असते. मला ते आता बघवलं नसतं." मग तिनं विचारलं, "तुला बघवलं असतं?"

वल्लरीला दाराबाहेर जायचं होतं, कुठेही, आणि त्याच वेळी आईच्या खुर्चीशी जाऊन तिच्या मांडीवर डोकं टेकायचं होतं. माणूस उभ्याचा चालायला लागतो तेव्हा आधी भार एका पायावर न्यावा लागतो. तो गेला की दुसरा पाय आपोआप मोकळा होतो. हे ती दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना शिकवायची. आत्ता तिचा भार दोन्ही पायांवर अगदी सारखा होता. तिनं उजवा पाय उचलायचा प्रयत्न केला, मग डावा. आई तिच्याकडे बघत होती. बाहेर केव्हाच दिवे लागले होते, आणि वल्लरी घराच्या मधोमध तशीच उभी होती.